दोन ओळींचा मार्ग

अमरावतीच्या त्या संस्थेच्या इमारतीत खाली दवाखाना होता, वर हेल्पलाइन आणि मागे हिशेबखातं. शेतीवर जगणाऱ्या घरांतून रोज कुणीतरी विष घेतल्याची बातमी यायची ती वर्षं. त्यासाठीच हेल्पलाइन उघडली होती. राउटर मात्र एकच आणलेला. तो लावायला मी मूर्तिजापूरहून रेल्वेनं जायचे. सोबत अकोल्याचे माझे उस्ताद. वायर कशी सोलायची इथपासून सगळं त्यांनीच मला शिकवलं. मी त्यांना चाचा म्हणायचे.

चाचा म्हणाले, "बेटा, डबा एकच हाय. पण आतमंदी तीन राउटर बनवाचे. तिघाचे रस्ते अलग. एकाले दुसऱ्याचं काईच दिसलं नाई पायजे."

रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये, असं संस्थेच्या वरिष्ठांकडून लेखी आलं होतं. मी एकाच यंत्रात तीन आभासी राउटर उभे केले, प्रत्येकाला त्याची वेगळी मार्गांची यादी दिली. मग हेल्पलाइनच्या संगणकावरून दवाखान्याचा संगणक शोधून पाहिला. सापडला नाही. मी खूश झाले.

महिनाभरानं देखभालीला गेले तेव्हा हेल्पलाइनवरच्या ताईंनी मला गाठलं. "विष घेतलेले लोक खाली येतात, वाचून घरी जातात. त्यायले फोन कराचा तं नावं कुठून आणू? मले फक्त तेवढी यादी दिसू दे वं."

"वरिष्ठांची परवानगी लागते, ताई."

"किती काम हाय ते?"

"दोन ओळी. एक जायच्या मार्गाची, एक यायच्या."

"मंग काहून थांबून राहिली तू?"

मी अर्ज लिहून दिला. नियम मोडायची हिंमत माझ्यात नव्हती.

परवानगी यायच्या आधी, मी तिथं असतानाच, कौंडण्यपूरकडची एक बाई हेल्पलाइनवर आली. तिच्या बहिणीनं फवारणीचं औषध घेतलं होतं, दुसऱ्यांदा. या खेपेला ती दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती. आठ दिवसांपूर्वी याच इमारतीत खाली तिला वाचवून घरी पाठवलं होतं. बाई रडत नव्हती. एवढंच विचारत होती, "तुमी मानसाले समजावता म्हनतात. मंग तिले कोनी फोन काहून नाई केला?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

परवानगी त्यानंतर आली. मी दोन्ही मार्ग टाकले. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. वरच्या पडद्यावर दवाखान्याची यादी उघडली. ताई एकेक नाव बोटानं वाचत खाली आल्या, एका नावावर थांबल्या, आणि पुढच्या नावाचा फोन लावला.

परतताना चाचा म्हणाले, "तुही गलती नाई, बेटा. तुले सांगतलं तेच तू केलं."

खरं होतं ते. म्हणूनच त्या समजावण्याचा काही उपयोग झाला नाही.