गाळून घेतलेली क्वार्टर

घाटकोपरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो स्कूटरचा मेकॅनिक बसतो, तो गाडी कानाने तपासतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "उघडावं लागेल." माझ्या स्कूटरबद्दल तो दुसरं काही कधी बोललाच नाही.

संध्याकाळी त्याला क्वार्टर लागते. गेल्या थंडीत न्यूमोनिया होऊन तो हॉस्पिटलात पडला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की रोजच्या दारूने छातीची आतली साफसफाई मंदावते, पिऊन झोपलं की तोंडातली घाण श्वासनळीत उतरते आणि फुप्फुसात जंतू माजतात. याने त्यातलं एकच उचललं: घाण आत जाते.

तेव्हापासून तो दारू पेट्रोलच्या नव्याकोऱ्या फिल्टरमधून गाळून पितो.

"बघ ना यार, कचऱ्याचा एक कण नाही," काल तो ग्लास उजेडात धरून म्हणाला आणि खोकत सुटला. खोकला थांबेना, तेव्हा त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक स्वतःच्या छातीला टेकवलं आणि मूठ माझ्याकडे केली.

"ऐक रे. काय बोलतंय?"

मी कान लावला. आत चिखलात बुडबुडे फुटावेत तसं काहीतरी चाललं होतं.

"उघडावं लागेल," मी म्हणालो.

त्याचा चेहराच उतरला. ग्लास खाली ठेवून, मी त्याला दर वेळी विचारतो अगदी त्याच आवाजात, त्याने विचारलं, "नुसत्या सर्व्हिसिंगवर नाही का भागणार?"