चार ओळींची जागा

रकाना चार ओळींनी कमी पडला की पुंडलिकरावांचा चेहरा खुलायचा. आमच्या नागपूरच्या दैनिकात ते फोरमन होते आणि मी आतली पानं लावायची. दुपारी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून झाले की ते मान डावीकडे कलती करून उलटी अक्षरं सरळ असल्यासारखी वाचत. मग रकान्याखालच्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवत. बातमी काही जागा मोजून येत नाही, तेव्हा कुठे ना कुठे खाच उरायचीच. ती नेमकी चार ओळींची निघाली, की खिडकीत ठेवलेला, आधीच जुळवून सुतळीने बांधलेला खिळ्यांचा जुडगा तिथे बसे.

“अशोक, घरी ये. कोणी रागावणार नाही. दार उघडं आहे. – बाबा.”

अशोक त्यांचा एकुलता मुलगा. मॅट्रिकला नापास झाला त्या दिवशी घरातून निघून गेला. पुंडलिकराव ही गोष्ट एकाच पद्धतीने सांगत. “मी म्हणलं, तोंड दाखवू नको. कधी ऐकत नव्हता माहा पोरगा, बाई. तेवढंच ऐकलं त्यानं.”

मला कामं नीट लावलेली आवडतात. प्रत्येक पानाची यादी करायची, झालेल्या कामावर रेघ मारायची. म्हणून एकदा मीच सुचवलं, एक बातमी दोन वाक्यांनी कापू, रोज जागा निघेल. ते चक्क रागावले. “कोणाची बातमी काहून कापता? जागा मागाची नाही, बाई. उरली तं आपली.”

छापखान्यात थट्टाही चाले. मशीनवरचा बाबूलाल ओरडायचा, “पुंडलिकराव, तुमचा अशोक आता बुढा झाला असन गा!”

“झाला असन तं नातवाले घेऊन ये म्हणा!” असं म्हणून ते सुतळी आवळत.

ऐंशी सालानंतर कधीतरी संगणकावर जुळणी करणारी यंत्रं आली. खिळे वजनावर विकायचे ठरले. त्या सामानाची यादी मीच केली. नवं यंत्र ओळींमधलं अंतर आपोआप कमी-जास्त करी आणि रकाना काठोकाठ भरे. पुंडलिकराव ऑपरेटरच्या मागे उभे राहून दिवसभर पाहत राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, “काहीच उरत नाही हो, बाई.”

छोट्या जाहिरातींत देऊ या, पैशांचं मी बघते, असं मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. जुडगा रुमालात बांधून नेला.

पुढच्या उन्हाळ्यात एक माणूस कचेरीत आला. चाळिशीकडे झुकलेला, नखांत कोळशाची काळी रेघ. सावनेरकडच्या खाणीत कामाला आहे, म्हणाला. “तुमच्या पेपरात ते चार ओळीचं येत होतं नं, अशोक, घरी ये... ते बंद काहून झालं?”

“आपण कोण?”

“वाचणारा.” तो भिंतीवरच्या सूचना वाचू लागला. मान डावीकडे कलती. “येत होतं तोवर वाटे, बुढा धड आहे. आता दिसत नाही. म्हणलं, गेला का काय.”

मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग सांगितलं, ते आहेत, तब्येत बरी आहे, लकडगंजात लाकडं कापायच्या आरा मशीनच्या मागे पूर्वीच्याच घरी राहतात. तो उभ्यानेच पाणी प्याला आणि “येतो” म्हणून निघाला.

संध्याकाळी मी लकडगंजात गेले. पुंडलिकराव दारातल्या खाटेवर बसले होते. एकटेच. कोणी आलं नव्हतं. न सांगणं मला जमलं नसतं. सगळं ऐकून त्यांनी खाटेवरच्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे वाचत होता.” आणि विचारलं, “निघताना काय म्हणला? येतो, का जातो?”

“येतो म्हणाला.”

“मंग येईन.”

मी उत्साहाने म्हटलं, उद्यापासून त्या ओळी पुन्हा छापू, जागा मी काढते. त्यांनी माझा हातच धरला. “नका छापू, बाई. दिसलं का तो समजन, बुढा धड आहे, अन् राहीन तिकडंच. दिसत नाही म्हणून तं आला. काहीच छापू नका माह्याबद्दल. मी गेलो तरी.”

त्यानंतर मी अधूनमधून त्यांच्याकडे जात असे. दाराला कडी लावलेली कधी दिसली नाही. पावसाळ्यात ओटीवर पाणी आलं तरी नाही. एका सकाळी शेजाऱ्यांना ते खाटेवर गेलेले आढळले, दाराकडे तोंड करून.

त्यांची निधनवार्ता मी लिहिली. माझ्या अक्षरात चार ओळी झाल्या. कागद घेऊन ऑपरेटरपाशी गेले, उभी राहिले आणि तो परत पर्समध्ये ठेवला. तिसऱ्या पानावर, शेवटच्या रकान्याच्या तळाशी, चार ओळींचा मजकूर काढून टाकायला सांगितला. ओळी पसरून घ्यायच्या नाहीत, म्हटलं.

ऑपरेटर पोरगा पडद्याकडे पाहत म्हणाला, “बाई, रकाना उघडा राहून राहिला इथं.”

“राहू दे उघडा,” मी म्हटलं.