गुळाविना गोळी

आमचं गाव नेवाशाकडचं, पाटपाण्याचं. पाट आला, ऊस आला आणि पाठोपाठ डासही आले. पावसाळा सरला की घरटी एक जण तरी घोंगडीखाली कुडकुडत असायचाच. त्यामुळं हिवतापाच्या गोळीची चव आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. कडूजहर! पोरं तोंडात घेत नाहीत म्हणून आम्ही बायका ती लाटण्यानं चुरायचो, गुळाच्या खड्यात कोंबायचो आणि "आ कर" म्हणून घशाखाली ढकलायचो. माझ्या आईनं मला तशीच दिली, मी माझ्या लेकीला.

नव्वद साल सरत आलं होतं. लेक दुसरीत होती. मोठी तोंडाळ पोरगी! चर्चमध्ये गीत सुरू झालं की सगळ्यांच्या पुढं अर्धी ओळ पळायची. नाताळ जवळ आला होता. नव्या फ्रॉकचं माप देऊन घरी आली आणि संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. आरोग्य केंद्रातल्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून मी गावातल्या किराणा दुकानातून आणल्या. तो दुकानदार पाकिटातून लागतील तेवढ्या गोळ्या कात्रीनं कापून कागदात बांधून द्यायचा. चहाची पुडी, हळदीची पुडी, तशीच गोळ्यांची पुडी. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एरवी गुळातूनसुद्धा गोळी थुंकणारी माझी लेक या वेळी गपकन गिळायला लागली. वर म्हणायची, "आई, अजून गूळ दे ना." मी शेजारणीला कौतुकानं सांगितलं, शहाणी झाली हो माझी बाय!

ताप काही उतरेना. एका दुपारी ती बरळायला लागली, मला ओळखेना. जीपमध्ये घालून श्रीरामपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "ताप मेंदूत गेलाय. गोळ्या सुरू केल्या नव्हत्या का?"

"अहो, केल्या होत्या ना! माझ्या हातानं दिल्यात, वेळच्या वेळी."

मी खोटंच बोलतेय अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझी लेक गेली. शिवून आलेला फ्रॉक अंगावर घालूनच तिला मातीला दिली.

घर पाहुण्यांनी भरलं होतं. जो तो म्हणत होता, देवाची मर्जी. माझ्या डोक्यात मात्र डॉक्टरांचा प्रश्न घुमत होता. फळीवर ती पुडी तशीच होती. उरलेल्या गोळ्यांतली एक काढली आणि जिभेवर ठेवली. कडूपणाची वाट बघत बसले. आलाच नाही. पाटीवरची पेन्सिल खावी तशी चव लागली. माझी लेक चोरून पेन्सिल खायची, आणि त्यासाठी माझी बोलणीही खायची.

देवाची मर्जी म्हणे! पुडी घेऊन तशीच उठले आणि दुकान गाठलं.

"खा ही," म्हटलं.

"वैनी, बसा तरी आधी."

"खा म्हणते ना!"

त्यानं गोळी चावली आणि त्याचा चेहराच पडला. "ही कडू न्हाई लागत, वैनी," तो पुटपुटला. मोटारसायकलवरून माल घेऊन येणाऱ्या एकाकडून त्यानं त्या स्वस्तात घेतल्या होत्या. "माज्या बापालाबी ह्याच दिल्या हो," म्हणत तो पोत्यावर बसला. त्याचा बाप वाचला. पुढं औषधखात्याचे साहेब आले आणि उरलेल्या गोळ्या घेऊन गेले. त्या गोळ्यांत औषध नव्हतंच, असं कळवलं त्यांनी. मोटारसायकलवाला काही सापडला नाही. आमचे पाळकसाहेब म्हणाले, त्याला क्षमा करता यावी म्हणून प्रार्थना करा. मी म्हटलं, "ती तुम्ही करा. मला दुसरं काम आहे."

काम म्हणजे बोलायचं. रविवारी उपासना संपली की चर्चमध्ये बोलले, विहारात बोलले, सप्ताहाच्या पंगतीत वाढता वाढता बोलले. बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेत उभी राहूनही बोलले. बायांनो, कापलेली गोळी घेऊ नका. अख्खं पाकीट घ्या, औषधाच्या दुकानातूनच घ्या, पावती मागा. आणि ही गोळी गुळात घालायच्या आधी जिभेला लावून बघा. कडू लागली म्हणजे खरीच असं नाही, पण कडू लागली नाही तर खोटी समजा आणि पोराला उचलून दवाखाना गाठा. ताप उतरला नाही, तरी तेच करा.

काहींनी नाकं मुरडली. शेजारीण तर तोंडावर म्हणाली, "काकू, तुमचं दुख लई मोठं हाय, पन आमच्या लेकरांवर कशाला अपशकुन?" लागलं मला ते. पण गप्प बसले नाही. लेकीसारखीच मीही तोंडाळ आहे म्हटलं तरी चालेल.

पुढच्याच वर्षी त्याच शेजारणीच्या पोरीला हिवताप झाला. ती दारात येऊन उभी राहिली. हातात अख्खं पाकीट, पदराला पावती बांधलेली. "काकू, श्रीरामपूरच्या मेडिकलातनं आनलीय. पन तुमी या. मला भ्या वाटतंय."

गेले. तिनं आधी स्वतःच्या जिभेला लावून बघितली आणि तोंड कसनुसं केलं. मग पोरीच्या जिभेवर जराशी टेकवली. पोरगी जी किंचाळली! थू थू केलं, लाथा झाडल्या, आईचा पदर भिजवला. "कडू! कडू! न्हाई खायची मी!"

"आता गूळ देऊ ना, काकू?" शेजारणीनं विचारलं.

"दे बाई, आता दे."

पोरीचं रडणं काही थांबेना. मी त्यांच्या उंबऱ्यात बसून ते मन भरेपर्यंत ऐकलं. माझ्या लेकीनं एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं.