ताईचा कार्डिओग्राम

आजार ही वस्तू देवाने फक्त दुसऱ्यांसाठी निर्माण केली आहे, असं मानणाऱ्या पुरुषांचं संमेलन कधी भरलंच, तर अध्यक्ष म्हणून आमच्या भाऊजींची निवड बिनविरोध होईल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागावला त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या आहेत, आणि त्या सगळ्याच्या मधोमध उघड्या अंगाने, कमरेवर हात ठेवून उभे असलेले भाऊजी आहेत. तब्येतीची चौकशी केली की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?" तीस वर्षं मी हे ऐकते आहे आणि तीस वर्षं माझं डोकं फिरतं आहे.

त्यांचे वडील गेले तेव्हा वडिलांचा चष्मा भाऊजींनी उचलून सरळ स्वतःच्या नाकावर ठेवला. चांगला चष्मा आहे, वाया कशाला घालवायचा, म्हणाले. नंबर नावाची काही भानगड असते हे त्यांना मान्यच नव्हतं. त्या चष्म्यातून बघून त्यांनी एकदा पुण्याच्या पाहुण्यांना साखरेऐवजी मीठ घातलेला चहा दिला, आणि पाहुण्यांनीही इथली पद्धत असेल असं समजून तो निमूट संपवला. माझ्या भाचीच्या, म्हणजे स्वतःच्याच मुलीच्या लग्नात भाऊजींची दाढ सुजली. डॉक्टरकडे जाईल तो बाप्या माणूस कसला! लवंग दाबून धरून चार दिवस काढले. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत भाऊजी गालाला हात लावून, डोळ्यांत पाणी आणून उभे आहेत, आणि भाचीच्या सासरची मंडळी अजून म्हणतात, वडिलांचा काय जीव आहे हो मुलीवर! जीव होताच. पण खरंच रडू आलं असतं तरी त्यांनी ते दाढेवरच ढकललं असतं.

आणि हाच माणूस गेलं दीड वर्ष गावातल्या बाकीच्या पुरुषांच्या हात धुऊन मागे लागला होता. कोणी जरा मोठ्याने ढेकर दिली की हे रिक्षा घेऊन हजर. माझ्या नवऱ्याला तर त्यांनी भरल्या ताटावरून उठवून अलिबागला नेलं, कारण काय, तर त्याने जेवताना छाती चोळली. चोळली कसली, तो शर्टावर सांडलेलं वरण पुसत होता! दवाखान्यातली नर्स भाऊजींना बघितलं की विचारायची, आज कोणाला पकडून आणलंत? आम्ही हसायचो. सगळ्यांत जास्त मीच हसायचे.

मग ह्या मे महिन्यात त्यांना स्वतःलाच वाडीतल्या पाण्याच्या पंपापर्यंत चालताना धाप लागायला लागली. छाती जड, डावा हात दुखतो, झोपेचं नाव नाही. ह्यांचं निदान तयार, ग्यास! ताईने डॉक्टरकडे चला म्हणून जेवण सोडलं, तेव्हा त्यांनी जो तोडगा काढला तो ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ताईलाच पाठवलं. तुला होतंय म्हणून सांग, गोळ्या मला आण. आणि आमची ताई, गरीब गाय, गेली! सगळी दुखणी तिने स्वतःच्या नावावर सांगितली. डॉक्टरांनी घाबरून तिला आडवं केलं आणि तिचा कार्डिओग्राम काढला. उत्तम आला. भाऊजींनी तो कागद बघितला, समाधानाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नारळाची पोती उचलायला सुरुवात केली. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणे!

हे सगळं मला कळलं ते भाऊजींनीच तो कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढून कौतुकाने दाखवला म्हणून. वरचं नाव वाचलं, ताईने खालच्या मानेने सगळं कबूल केलं, आणि माझा तोल गेला. मेव्हणीने भाऊजींशी कसं बोलावं हे त्या दिवशी मला आठवलं नाही.

"भाऊजी, हे ताईचं हृदय आहे. ठणठणीत आहे. तुम्ही गेल्यावरसुद्धा ते चालूच राहणार आहे, ह्या वाडीत, एकटं. चालेल तुम्हाला?"

ताई म्हणाली, हळू बोल, पाहुणे आहेत. म्हटलं, ऐकू देत. गावाला फरफटत दवाखान्यात नेता आणि स्वतःला काय अमरपट्टा मिळालाय का, असं बरंच काही मी बोलले. भाऊजी खाली ओट्यावर बसले. आता नेहमीचं वाक्य येणार म्हणून मी तयारीत होते. ते आलं नाही.

शेजारच्या वाडीत त्यांचा एक मित्र होता, बालपणापासूनचा. दीड वर्षापूर्वी हार्ट अटॅकने गेला. तिरडी बांधण्यापासून तेराव्यापर्यंत सगळं भाऊजींनी केलं होतं आणि डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं.

"त्या दिवशी तो हितंच बसलेला," ते म्हणाले. "छातीत दुखतंय म्हणाला. मी म्हटलं, ग्यास हाय. सोडा दिला गो त्याला. माझ्या हातानं दिला. बरं वाटतंय म्हणाला आणि घरी गेला." मग म्हणाले, "आता मी कुठल्या तोंडानं दवाखान्यात जाऊ?"

माझा सगळा राग फिरून माझ्यावरच आला. दीड वर्ष हा माणूस एवढं पोटात घेऊन गावाच्या ढेकरांमागे धावत होता, आणि आम्ही त्याच्याच ओट्यावर चहा पीत हसत होतो. बाई रडली की चार जणी जवळ येऊन बसतात. मित्र गेल्यावर भाऊजींना लोकांनी विचारलं ते एवढंच, की तेराव्याला पानं किती?

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेले. एक नळी बरीच बंद निघाली, ती पनवेलला जाऊन उघडून घेतली. डॉक्टरांनी आणखी एका डॉक्टरांचं नाव दिलं, नुसतं बोलायला. मी काय वेडा हाय का, म्हणून भाऊजी दोन दिवस फुगून बसले. मग गेले. महिन्यातून दोनदा जातात, शर्टाला इस्त्री करून.

रविवारी मी फोन करते. कसे आहात विचारलं की बरा हाय म्हणतात. पूर्वी मी तिथेच ताईला फोन द्यायला सांगायचे. आता मी धरून बसते. मागे पंपाचा आवाज येत असतो, कोणी पाहुणा आंघोळीला गरम पाणी मागत असतो. जरा वेळाने ते म्हणतात, "काल त्याची लय आठवण आली गो."