कंडक्टरच्या तोंडचं वाक्य

जाफराबादचे संपत खरात एसटीत कंडक्टर होते आणि सिनेमातही कंडक्टरच झाले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पुण्याची मंडळी एका खुनाच्या सिनेमाचं शूटिंग करायला अंबडकडे आली होती. ठरलेला नट आलाच नाही, तेव्हा दिग्दर्शकाची नजर स्टँडच्या बाकावर चहा पीत बसलेल्या संपतरावांवर गेली.

प्रसंग एकच, पण सगळं रहस्य त्यावर उलगडणारं. अंबडमध्ये कापसाच्या जिनिंग मिलच्या मालकाचा खून झालेला असतो आणि संशयित म्हणतो की, मी जालन्यापासून बसमध्येच होतो. मग इन्स्पेक्टर कंडक्टरला विचारतो आणि कंडक्टर सांगतो, "हा मानूस जालन्याला चढलाच न्हाई, साहेब. अंबड सोडल्यावर रस्त्यात हात करून चढेल हाये."

सिनेमा जालन्यात लागला तेव्हा संपतराव टायफॉइडने अंथरुणावर होते. ते उठेस्तोवर तो थेटरातून गेल्ता. त्यानंतर कैक वर्षं ते वाक्य त्यांनी पाहुण्यारावळ्यांना म्हणून दाखवलं. शेवटी बदनापूरला शिक्षिका असलेल्या त्यांच्या लेकीनं, सुमेधानं, त्या सिनेमाची डिस्क शोधून आणली. वेष्टनावर लिहिलं होतं, 'नव्याने स्वच्छ केलेली प्रत'.

रविवारी दुपारी घर माणसांनी भरलं. शेजारचे धुळाजी पुढंच बसले. सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर नुसती काजळी पसरली. माणसं हलत होती, पण कोण कुठला कळेना. ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा.

"बसमधी रात हाये का?" धुळाजींनी विचारलं.

"भर दुपारी शूटिंग झाल्तं," संपतराव म्हणाले. "माझ्या तोंडावर ऊन व्हतं."

मग त्यांचा प्रसंग आला. टीव्हीत बसावं म्हणून चित्राच्या दोन्ही बाजू छाटलेल्या होत्या. खिडकीशी बसलेला संशयित डावीकडून गेला, संपतराव उजवीकडून. राहिला फक्त एक हात आणि अर्धा कान. ते उठून टीव्हीजवळ गेले आणि काचेबाहेरच्या भिंतीवर बोट ठेवून सांगू लागले, "हितं मी उभा हाये."

"बसा की हो खाली," त्यांच्या पत्नी गिरिजाबाई म्हणाल्या. "तुमच्यामुळं उरलेला कान बी दिसून न्हाई राह्यला."

खरखरीत शब्द नीट लागेनात आणि स्वतःचा आवाजही त्यांना परका वाटला. तोही डिस्कचाच दोष, असं त्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डिस्कच्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीनं टीव्हीची सेटिंग बघायला सांगितलं. सेटिंग बघून झाली तेव्हा ती म्हणाली, "काका, थ्रिलर आहे ना. अंधार असतोच."

"दुपारच्या बाराला?"

तिनं दुसरी डिस्क पाठवली. तीही तशीच निघाली. सुमेधाच्या घरचा प्लेअर आणून झाला, धुळाजींच्या टीव्हीवर लावून झाली. गिरिजाबाईंनी शेवटी सांगून टाकलं की, यापुढे घरात त्या खुनाचं नाव काढायचं नाही.

तेवढ्यात कळलं की वडीगोद्रीचा कल्याण त्या शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यावर मदतनीस होता, आता लग्नांचं शूटिंग करतो आणि त्याच्याकडं चांगली प्रत आहे. संपतराव गाड्या बदलत वडीगोद्रीला पोचले.

कल्याणनं कॉम्प्युटरवर प्रसंग लावला. बसच्या सीटवर पिवळं ऊन पडलेलं, खिडकीशी संशयित आणि समोर अख्खे संपतराव, कपाळावरच्या घामासकट. "आता कसं," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. पडद्यावरच्या संपतरावांनी तोंड उघडलं. आवाज ओठांना बराबर जुळला.

"हा गृहस्थ जालन्याला चढलेलाच नाही, साहेब. अंबड सोडल्यानंतर त्याने रस्त्यात हात केला."

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, "हे कोण बोलून राह्यलं?"

कल्याण चाचरला. "आवाज नंतर पुण्यात भरला, काका. गाडीचा खडखडाट फार आल्ता."

"मंग मला बोलवायचं."

"मी म्हटलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, यांचं बोलणं प्रेक्षकांना कळणार नाही."

संपतरावांनी खुर्ची मागं सरकवली. "सगळी नोकरी ह्याच बोलण्यावर झाली," ते म्हणाले. "एक पॅसेंजर चुकीच्या गावाला उतरला न्हाई."

घरी गिरिजाबाईंनी विचारलं, "दिसले का?"

"मी दिसतो. बोलतो दुसराच."

एवढे दिवस वैतागलेल्या गिरिजाबाई आता वेगळ्याच तापल्या. "त्या कल्याणला म्हणावं, तुमचा आवाज भर त्याच्यात. पुन्हा जा."

आठवड्याभरात संपतराव पुन्हा वडीगोद्रीला गेले. कल्याणनं लग्नातला माइक त्यांच्यापुढं ठेवला. पहिल्यांदा वाक्य ओठांच्या मागं पडलं, मग पुढं पळालं. कल्याण न कंटाळता चित्र मागं घेत राहिला. शेवटी 'चढेल हाये' नेमकं ओठांवर बसलं, तेव्हा कल्याणनं तो तुकडा संपतरावांच्या मोबाइलवर पाठवला.

तो प्रसंग आता जाफराबादेत मोबाइलवर फिरतो. धुळाजींनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. "तुमचं बराबर हाये," ते म्हणाले. "पर तो इन्स्पेक्टर, तो खुनी, हे सगळे असं पुस्तकावानी का बोलून राह्यले?"

"ते मला काय इचारता?" संपतराव वैतागून म्हणाले. "त्यांचा बी आवाज मीच भरू का आता?"