आंदणाच्या गाद्या भिंतीवर

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. परभणीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत मी, बायको, आई, मेहुणा आणि होम थिएटर बसवणारा दुकानदार असे पाच जण होतो. खोलीत आवाज घुमतो, तो बंद करून द्यायचे त्याने एक लाख अठरा हजार सांगितले.

घुमणारच. धूळ पुसायला सोपे म्हणून मीच जमिनीला आणि भिंतींना गुळगुळीत टाइल्स लावल्या होत्या. त्यामुळे सिनेमातला एक शब्दही आईला नीट कळत नसे. "डब्यात खडे हलवल्यावानी वाजायलंय," म्हणत ती अर्ध्यातून उठून खाली जायची.

"दाजी, एवढा खर्च कशाला? मावशीला कानाचं मशीन घ्या," मेहुणा म्हणाला. दुकानदार हसला. आई उठून दारात जाऊन उभी राहिली.

माझे डोकेच फिरले. भाजीवाली गल्लीच्या तोंडाशी आली की जी बाई स्वयंपाकघरातून भाव विचारते, ती बहिरी? दोष खोलीचा आहे, असे सगळ्यांसमोर सांगून मी दुकानदाराला वाटेला लावले.

तरी मेहुण्याला गप्प बसवेना. "अंड्याचे ट्रे चिकटवा. फुकटात काम."

"अंड्याचं काय बी घरात आलं तर मी वर पाय ठेवायची न्हाई," आई दारातूनच म्हणाली. तसेही त्या पातळ पुठ्ठ्याने काही झाले नसते.

घुमणारा आवाज जाड कापूस शोषून घेतो, म्हणून मी माळ्यावरून लग्नात आंदण आलेल्या चार गाद्या काढल्या.

"आमी दिलेल्या गाद्या भिंतीला टांगता? पाहुणे काय म्हणतील?"

"तुमच्या गादीवर झोपून माझी पाठ मोडली," बायको भावाला म्हणाली. "भिंतीला पाठ न्हाई. टांगू दे."

गादीवाल्याकडून कापूस पिंजून आणला. सुताराने चार इंच जाडीच्या चौकटी केल्या. पहिल्या चौकटीत मी कापूस मोकळाच भरला, तो दोन दिवसांत खाली बसला. मग गादीसारखे टाके घालून घेतले. आई तिच्या खुर्चीत बसली आणि मेहुण्याला मी भिंतीवरून आरसा सरकवायला लावले. जिथे तिला आरशात स्पीकर दिसला, तिथूनच आवाज उलटून तिच्याकडे येणार, म्हणून तिथे चौकट ठोकली, कापूस पेटू नये म्हणून वायरिंगपासून हातभर लांब. खाली जाड सतरंजी अंथरली.

पुढच्या रविवारी सिनेमा लावला. जरा वेळाने आई म्हणाली, "आवाज कमी कर की. येवढं काय वरडायलाय त्यो? येतंय मला ऐकू."

मी आवाज कमी केला. ती शेवटपर्यंत बसली. मधूनमधून पडद्यावरच्या सासूला उत्तरेही देत होती. पाहुणे आले की भिंतीकडे बघून हसतात. हसू देत. चौकटी निघणार नाहीत.

गादीवाल्याला पिंजणे, कापड आणि शिलाईचे मिळून सहा हजार चारशे दिले, सुताराला तीन हजार आठशे. दुकानदाराला एक रुपयाही नाही.