खंडेनवमीचं तेल

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी महीच्या कोतरांत होते. कोतरं म्हणजे नदीनं माती खाऊन पाडलेल्या घळी. बडोद्यासारख्या सपाट गावात डोंगरी सायकल चालवायची हौस असेल, तर सरावाला जवळपास तेवढीच जागा आहे. रविवारची सकाळ होती. एक उतार नुकता उतरून मी पाणी पीत होते आणि आईचा आवाज आला, "घरी ये गं. बाबा उठत नाहीयेत." चहा घेऊन पुन्हा जरा आडवे झाले, ते झालेच. मैत्रीण हेतल बरोबर होती, तिनं गाडी तडक तरसालीला, माझ्या माहेरी घेतली. मी गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेली, कपाळावर हेल्मेटचा वळ... दारात आत्या उभी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आजच्या दिवशी पण सायकलच का गं?" मला तिचा राग आला नाही. ते वाक्य तिचं नव्हतंच. ते बाबांचं होतं. ते म्हणायला बाबा उरले नव्हते, म्हणून ती म्हणाली.

नंतरच्या दिवसांत येणारा प्रत्येक जण बाबांबद्दल चांगलं बोलला. शिस्तीचा माणूस, शब्दाचा पक्का, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळं खरं आहे. नंदेसरीच्या एका कारखान्यात ते टाइम ऑफिसात होते. उशिरा आलेल्या कामगाराला गेटवरून परत पाठवताना त्यांचा आवाज कधी चढला नाही, आणि कधी विरघळलाही नाही. दुसऱ्याची चूक त्यांना लांबून दिसायची. स्वतःची दिसायची की नाही, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. या पुरवणीच्या संपादकांनी त्यांच्यावर लिही म्हटल्यावर मी बरेच दिवस टाळलं ते त्यामुळेच. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असतं म्हणतात. मला तेवढं गोड जमणार नाही.

सायकल मला त्यांनीच शिकवली, हे आधी सांगायला हवं. तरसालीच्या आमच्या गल्लीत ऑफिसची पँट घोट्यापर्यंत दुमडून ते सीट धरून मागे धावायचे आणि न सांगता हात सोडून द्यायचे. पडले की जवळ यायचे नाहीत. लांबूनच म्हणायचे, "ऊठ, रस्ता तिथेच आहे अजून." पुढे मी शाळेत नोकरीला लागले, लग्न होऊन निजामपुऱ्याला गेले, डोंगरी सायकलच्या शर्यतींत उतरायला लागले, तेव्हा नातेवाइकांत कुजबुज झाली. बाबांनी ती एका वाक्यात मिटवली. "आपण पागेतली माणसं," ते म्हणाले, "घोडा गेला म्हणून मांड विसरायची का?" आमचे पूर्वज संस्थानाच्या घोडदळात होते. त्यांची तलवार अजून आमच्याकडे आहे, लोखंडी पेटीत, आणि दर खंडेनवमीला तिची पूजा होते. आदल्या दिवशी दुपारी बाबा जमिनीवर बसकूर टाकून बसायचे, जुन्या धोतराचा तुकडा खोबरेल तेलात बुडवायचे आणि पातं मुठीपासून टोकापर्यंत पुसायचे. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

राज्याच्या शर्यतीसाठी माझी निवड झाली, त्या वर्षी त्यांनी स्वतः निरोप धाडला की सायकल नवमीला तरसालीला आणून ठेव. तलवारीशेजारी पाटावर तिची जागा केली होती. हँडलला झेंडूची माळ, पुढच्या चाकाला हळदकुंकू... मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. बाबांनी ती रात्री घासूनपुसून लखलखीत केली होती. आई कौतुकानं म्हणाली, "दोन तास बसले होते, तलवारीला पण एवढा वेळ देत नाहीत." मी हसले. काय पुसलंय ते बघितलं नाही. पूजेला ठेवलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

दसऱ्याच्या पहाटे शहर फाफडा-जलेबीच्या रांगेत उभं होतं, आणि मी नि हेतल सीमोल्लंघन म्हणून कोतरांकडे निघालो. सायकल गाडीवर लादलेली होती, ती थेट वरच्या कडेला उतरवली. पहिल्याच उतारावर मी दोन्ही ब्रेक दाबले, तर चाकं नुसती फिरतच राहिली. खाली कोरडा ओढा होता. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, तो अजूनही येतो. हेतल धावत खाली आली, आधी मला बघितलं, मग सायकल बाजूला ओढताना थांबली. चाकाच्या मध्ये ब्रेकची स्टीलची चकती असते. तिच्यावरून तिनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "आ डिस्क पर तेल कोणे लगाड्युं?" कुणी लावलं ते मला तिथे पडल्यापडल्या कळलं. सगळ्या सायकलीत तलवारीसारखं चमकणारं तेवढंच लोखंड आहे. त्याला तेल लागलं की ब्रेक संपला. बाबांनी ते मनापासून, प्रेमानं, मुठीपासून टोकापर्यंत पुसलं होतं.

मांडीत सळई बसली. डॉक्टरांनी सांगितलं की चालाल, जिने चढाल, शर्यतीचं मात्र विसरा. माझा मुक्काम तरसालीलाच, आईजवळ. बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती आणि प्रत्येकासमोर बाबा तेच बोलायचे. शेजारच्या ज्योत्स्नाबेन विचारायच्या, "पगने केम छे हवे?" मी तोंड उघडायच्या आत बाहेरून बाबांचं उत्तर, "उतावळ, बीजुं शुं!" घाई, दुसरं काय. मामांना सांगायचे, वेडं धाडस. शर्यतीच्या मंडळातले लोक आले तर त्यांनाही सांगितलं, तिला उताराचा अंदाज येत नाही. निवडीत माझं नाव पुन्हा घ्यायचं की नाही, हे ठरवणारी तीच माणसं होती, आणि चहा पीत पीत ती माना डोलवत होती.

मी गप्प बसले असं नाही. ते लोक गेल्यावर मी सरळ म्हटलं, "बाबा, ब्रेकच्या चकतीला तेल लागलं होतं. म्हणून पडले मी." ते पेपर वाचत होते. "लोखंडाला तेल लागतंच," ते म्हणाले आणि पान उलटलं. मला वाटलं, कळलं नाही त्यांना. टाइम ऑफिसातला माणूस, ब्रेकमधलं काय कळणार? पुन्हा कधीतरी नीट समजावू... पण पुढच्या वेळी तोंड उघडलं तर ते उठून बागेत फेऱ्या मारायला गेले. त्यानंतर आलेल्या नवमीला मी पूजेच्या खोलीत गेलेच नाही. सायकल आतच होती, माळ घातलेली. तिच्या पुढच्याही नवमीला नाही. आई प्रसाद बाहेर आणून द्यायची.

परत शर्यतीत उतरणं म्हणजे काय, ते लोकांना वाटतं तसं नसतं. पाय सोपा होता. पायाला व्यायाम सांगता येतो. हात ऐकायचे नाहीत. उतार आला की बोटं ब्रेकवर अशी आवळली जायची की सायकल जागच्या जागी उभी. लहान पोरं बाजूनं सुसाट निघून जायची आणि मी कोतराच्या तोंडाशी सायकल धरून रडायची. मग एक सवय लागली. उतरायच्या आधी कोरा पांढरा रुमाल चकतीवरून फिरवायचा आणि हुंगायचा. खोबरेलाचा वास नाही ना, बघायचं, मगच पाय पेडलवर. हेतल चिडवायची, "पोलीसचा कुत्ता आला बघ!" पण थांबायची. मंडळातल्या लोकांसमोर मला दोनदा चाचणी द्यावी लागली. अंदाज न येणारी बाई, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. कुणी बसवलं, ते मला माहीत होतं.

शेवटी नाव लागलं. जांबुघोड्याकडच्या जंगलात शर्यत होती. मी बाबांना विचारलं, "याल?" ते म्हणाले, "पडताना बघायला?" आले नाहीत. मी पहिली आले नाही, तिसरीही नाही. पण एका खडकाळ उतारावर पुढच्या दोघी सायकल हातात धरून चालत उतरल्या, आणि मी बसून उतरले. ब्रेक जेवढा हवा तेवढाच दाबून. खाली आल्यावर तसाच मातीच्या हातानं घरी फोन लावला. बाबांनीच उचलला.

"झाली शर्यत," मी म्हटलं.

"पडलीस का?"

"नाही."

"बरं." आणि फोन ठेवला.

एवढंच. मी त्या एका वाक्यासाठी परत सायकलवर बसले होते असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही. तुझी चूक नव्हती, इतकंच. चार माणसांत नको, फोनवर चाललं असतं.

बाबांना जाऊन काही आठवडे झालेत. यंदा वर्षभर आमच्याकडे सण नाहीत, पूजाही नाही. पण मागच्या रविवारी आई म्हणाली, "तलवारीला गंज चढायला नको. एकदा पुसून ठेव, तूच ठेव." मी निजामपुऱ्याहून सायकलनंच गेले, ती ओट्यावर लावली, लोखंडी पेटी बाहेर ओढली. तलवार, तेलाची बाटली, धोतराचा तुकडा. आणि तळाशी दोन गोल टोपडी. तान्ह्या बाळाला घालतात तशी, पांढऱ्या धोतराची, कडेनं नाडी ओवलेली. टाके मोठाले आणि वाकडे, शर्टाच्या बटणापलीकडे कधी सुई न धरलेल्या माणसाचे.

"ती तुझ्या सायकलची," आई म्हणाली. "तू पडलीस ना, त्याच्या पुढच्या नवमीला शिवली त्यांनी. आधी ती चाकाच्या त्या चकत्यांना बांधायचे आणि मगच तेलाची बाटली उघडायचे. मी म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणे, धूळ बसते."

धूळ... म्हणजे कळलं होतं. ज्योत्स्नाबेनना 'उतावळ' म्हणून सांगत होते तेव्हा कळलेलं होतं. मंडळाची माणसं दुसऱ्यांदा चाचणी घेत होती, तेव्हाही. एवढे टाके घालायला त्यांना दुपारभर बसावं लागलं असेल, चष्मा लावून, सुईत दोरा ओवण्यापासून. त्या दुपारी मी, सणाला आलेली, पलीकडच्या खोलीत दुखरा पाय उशीवर टाकून पडलेली असणार. मधे एक भिंत. उठून यायचं होतं फक्त. माणूस गेला की त्याच्यावरचा राग जातो म्हणतात. माझा गेलेला नाही. उलट आईच्या समोर, ती टोपडी हातात धरून, तो नव्यानं आला, आणि मी रडले तीही रागानंच.

ती मी नाकाशी नेली. कापराचा वास आला, पेटीचा आला. तेलाचा नाही, एक डागसुद्धा नाही. आईनं बाटली पुढे केली. सायकल ओट्यावर उभी होती, तलवारीपासून चांगली लांब. मी उठले, बाहेर गेले, दोन्ही टोपडी चकत्यांना बांधली, नाड्यांच्या गाठी घट्ट आहेत ना बघितलं, आणि मग आत येऊन बाटलीचं झाकण उघडलं.